काचेचं कौल

ओवाळणीची वस्तू परत करता येत नाही, हा नियम ज्याने केला त्याला कुणी बटणं नसलेला फोन दिला नसावा.

दोन हजारनंतरचं दशक संपत आलं होतं. माझा धाकटा भाऊ शहापूरला राहायचा आणि आसनगावहून रोज मुंबईला कामाला जायचा. त्या भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, तर त्याने ताटात नेहमीच्या साडीऐवजी एक चपटा खोका ठेवला. आत काळाभोर, गुळगुळीत, नुसती काच असलेला फोन. "ताई, स्मार्टफोन आहे," तो म्हणाला. "सगळं आहे त्याच्यात." तोवर आमच्या घरात असा फोन कुणाकडेच नव्हता, त्याच्या स्वतःकडेही नव्हता. म्हणून त्याच्यासमोर मी त्या फोनला कधी नावं ठेवली नाहीत. पाठीमागे मात्र भरपूर ठेवली.

मी नर्स. मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला असलेल्या एका उपकेंद्रात माझी जवळजवळ सगळी नोकरी गेली. सरकारी कागदावर माझ्या पदाला मोठं नाव होतं. डोंगरातल्या वाड्यांवर मी नुसती 'बाय'.

नव्वदच्या सुरुवातीला मी तिथे रुजू झाले तेव्हा वाड्यांवर फोन कुणी पाहिलाही नव्हता. कुणाला कळा सुरू झाल्या की घरातलं माणूस धावत डांबरी रस्त्यावर यायचं आणि घाट उतरून येणाऱ्या एसटीला हात करायचं. ड्रायव्हर उपकेंद्रासमोर गाडी हळू करून दोन हॉर्न वाजवायचा. दोन हॉर्न म्हणजे बाळंतपण. एकच लांबलचक हॉर्न म्हणजे ताप, हगवण, झाडावरून पडलेलं पोर, बाकी काहीही. वाडी कुठली ते कंडक्टर खिडकीतून ओरडून सांगायचा. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही, मी आले तेव्हा ते चालूच होतं. त्या ड्रायव्हर-कंडक्टर लोकांचे उपकार मी कधी मोजले नाहीत, मोजता येण्यासारखे नव्हतेच.

मग मोबाईल आले, आणि लोकांनी हॉर्नचीच पद्धत त्यात उचलून नेली. दोन मिसकॉल म्हणजे बाळंतपण, एक मिसकॉल म्हणजे बाकी सगळं. मिसकॉलसुद्धा पुरता नाही, अर्धाच. फोन जरा वाजला न वाजला की कापायचा, कारण मी सवयीने उचलला तर त्यांचा बॅलन्स गेला. माझा जुना फोन यात तयार होता. हाक मारल्यासारखा तो त्या अर्ध्या रिंगलाही ओ द्यायचा, आणि पडद्यावर मराठीत नाव यायचं. मी बॅग उचलून चालू लागायची. त्याच्या डोक्यावर टॉर्च होता. हातमोजा घालूनसुद्धा बटण दाबता यायचं. चार-चार दिवस चार्जिंग लागायचं नाही, आणि आमच्याकडची वीज बघता हा मोठाच गुण होता.

नव्या फोनमध्ये सगळं होतं, असं भाऊ म्हणाला ते खरंच. गाणी होती, खेळ होते, नकाशा होता. नकाशात आमच्या भागाच्या जागी नुसता हिरवा रंग होता. मात्र टॉर्च नव्हता. मराठी नव्हतं. मी मराठीत साठवलेल्या प्रत्येक नावाच्या जागी चौकोनी खोक्यांची रांग दिसायची. कुणाची खोकी चार, कुणाची सात, पण खोकी ती खोकीच. रेडिओ होता, पण कानात वायर घातल्याशिवाय तो बोलायचा नाही. ओल्या बोटाला काच दाद द्यायची नाही, आणि नर्सचं बोट कोरडं असतं कधी? संध्याकाळी चार्जिंग लावायचं विसरले की दुसऱ्या दुपारी त्याने मान टाकलीच म्हणून समजा.

दोन महिने मी तो खोक्यातच ठेवला होता. 'जपून ठेवलाय' म्हणायचे. शेवटी पौषात भाऊ मला भेटायला आला, माझं सोंग त्याने ओळखलं, आणि स्वतःच सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं. एवढंच करून तो थांबला नाही. जुना फोन खिशात टाकून शहापूरला घेऊन गेला. म्हणाला, "हा इथे राहिला तर तू नवा वापरणारच नाहीस." माझा स्वभाव त्याला चांगला ठाऊक आहे, दुसरं काय!

त्यानंतर दहा-बारा दिवसांतच म्हसा गावची, बैलबाजाराची जत्रा होती. या दहा-बारा दिवसांत दोघातिघांनी मला म्हटलं होतं, "बाय, तुमाला मिसकॉल मारला व्हता." मी म्हटलं, रेंज नसेल. आमच्या भागात रेंजच्या नावावर काहीही खपतं.

जत्रेच्या दिवशी आसपासचं सगळं माणूस म्हशाला लोटतं. बैल घ्यायचे असोत नसोत, बघायला तरी जायचंच. वैशाखऱ्यातला एकुलता एक जीपवालाही सकाळीच माणसं भरून गेला होता. मला दुपारी जायचं होतं, म्हणून मी सकाळी उपकेंद्राच्या ओट्यावर उन्हात बसून रजिस्टर पूर्ण करत होते. फोन समोरच्या टेबलावर, घडी घातलेल्या रुमालावर, काचेला ओरखडा पडू नये म्हणून. अकराच्या सुमाराला बॅटरी किती उरलीय ते बघायला मी तो उचलला.

सात मिसकॉल.

एकाच नंबरवरून, म्हणजे एकाच खोक्यांच्या रांगेकडून. पहिले दोन सव्वानऊला. पुढचे दोन पाऊण तासाने. मग परत दोन. आणि शेवटचा, दहा मिनिटांपूर्वीचा, एकटाच. फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि कानावर काहीच आलं नव्हतं. नंतर भावाने मला समजावून सांगितलं की हा फोन झोपेत असला की आधी जागा होतो, पडदा लावतो, मग वाजतो, आणि तोवर अर्धी रिंग संपलेली असते. त्या क्षणी मला एवढंच कळलं की कुठल्या तरी घरात बाई पावणेदोन तास अडली आहे, आणि मी उन्हात बसून रजिस्टरच्या रेघा मारत होते.

उलट फोन लावला, तर तो कव्हरेजच्या बाहेर. साहजिकच होतं. वाड्यांवर फोन लागतो तो एखाद्या खडकावर किंवा टेकाडावर चढलं तरच, खाली उतरलं की संपलं. नावाच्या जागी खोकी. नंबर पाठ नाही. मी रजिस्टरच पालथं घातलं. त्या महिन्यात दिवस भरलेल्या तिघीच होत्या. एक माहेरी गेलेली. दुसरी त्याच सकाळी लोहाच्या गोळ्या नेऊन गेली, चालत आणि हसत. राहिली तिसरी. सगळ्यात वरच्या वाडीतली, पहिलटकरीण, एकोणीस-वीस वर्षांची.

पहिलं बाळंतपण वेळ घेतं, या एका गोष्टीला धरून मी चढ चढले. खाली भाताची कापलेली शेतं, मग सागाची गळलेली पानं, मग नुसती पायवाट. एरवी सव्वा तास लागतो, त्या दिवशी तासाच्या आत पोचले. वाटेत मी फोनला, फोन बनवणाऱ्याला, आणि खोटं कशाला बोलू, भावालासुद्धा मनातल्या मनात बोलून घेतलं. मग स्वतःला बोलले, ते जास्त वेळ पुरलं.

अंगणात तिची सासू उभी होती. चेहरा वाळलेला, नऊवारीचा काष्टा काट्यांनी ओढलेला, पायावर ताजे ओरखडे. मला बघून ती नवऱ्याला म्हणाली, "बगा, मी काय सांगत व्हते? मिसकॉल दिला नि बाय आली." सासरा ओसरीवर गुडघा चोळत बसला होता. त्या गुडघ्यापायीच तो जत्रेला गेला नव्हता. मुलगा बैल बघायला पहाटेच गेलेला. म्हातारा हात जोडून माझ्यासाठी उठला. मला तेव्हाच सांगायला हवं होतं की मला काही ऐकू आलं नाही, मी उशिरा आले. मी सांगितलं नाही. पाणी उकळत ठेवा म्हटलं आणि आत गेले.

आत म्हणजे कणगीच्या मागच्या खोलीत. कारवीचा कूड, वर शेणमातीचा लेप, खिडकी नाही. बाहेर टळटळीत ऊन आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. पोरगी कोपऱ्यात, तोंडात पदराचा बोळा धरून. तपासलं तर सगळं फार पुढे गेलेलं. तिला उजेडात आणायचं म्हटलं तर हलवायची सोय उरली नव्हती, आणि तालुक्याला न्यायला जीप नव्हती. सासूने रॉकेलची चिमणी आणली. चिमणीच्या उजेडात माणूस आहे एवढं कळतं, पण काम करता येत नाही.

मी बॅगेतला सरकारी टॉर्च काढला. तीन वर्षं फोनच्या टॉर्चवर भागत होतं, त्यामुळे तो कुणी उघडून बघितलाच नव्हता. सेल आत फुटून हिरवे झाले होते. ही चूक निव्वळ माझी, ती फोनवर ढकलता येत नाही.

डोकं बाहेर आलं आणि माझ्या बोटांना मानेभोवती नाळ लागली. दोन वेढे, घट्ट. सैल असती तर नुसत्या बोटाने सरकवली असती, अशा मी अनेक सरकवल्यात. ही हलेना. दोन चिमटे लावून मधे कापायची, तर काय कापतोय ते दिसायला हवं. मी सासूला म्हटलं, माझ्या पिशवीतला फोन काढा, त्याची काच दाबा, उजेड पडेल. तिने दाबली. पडदा लागला, निळसर उजेड पडला, मी चिमटा उचलला, आणि पडदा विझला. तिने परत दाबली. तिचा हात ओला होता. काचेने ओळख दाखवली नाही. ती म्हातारी बाई त्या फोनला "अगो लाग ना, लाग" अशी विनवत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बाळंतिणीच्या खोलीत ओरडले, "उजेड आणा कुठून तरी!"

बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नाही. सासरा आला नाही. पण आमच्या डोक्यावर काहीतरी करकरलं, धुरळा पडला, आणि एक कौल उचललं गेलं.

म्हातारा छपरावर चढला होता. ज्या गुडघ्यापायी म्हशाला गेला नाही, तोच गुडघा घेऊन. दुसरं कौल निघालं, तिसरं निघालं, आणि पौषातलं दुपारचं ऊन थेट आमच्यावर येऊन पडलं. मी वर न बघताच म्हणाले, "बाबा, खाली बघू नका."

"नाय बगत, बाय," वरून आवाज आला. "डोंगराकडं तोंड हाये माजं. आनखी काडू का?"

"काढा."

असा तो डोंगराकडे तोंड करून, मागे हात घालून चाचपत, एकेक कौल काढत राहिला. मला सगळं लख्ख दिसलं. दोन चिमटे, एक कात्री, आणि पुढच्या कळेला बाळ बाहेर, मुलगी. निळी पडलेली, गप्प. मी तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळवे चोळले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. छपरावरची कौलांची करकर थांबली होती. मग ती रडली, आणि रडताना माझ्या डोळ्यांदेखत निळ्याची गुलाबी झाली. हा रंग बदलताना मला दिसला तो त्या काढलेल्या कौलांच्या जागेतून आलेल्या उन्हामुळे. आजही मला त्या म्हाताऱ्याबद्दल जे वाटतं त्याला कृतज्ञता हा शब्द पुरत नाही, पण माझ्याकडे दुसरा नाही.

सगळं आवरल्यावर मी हात पुसून कोरडे केले आणि त्या फोनकडून एक काम करून घेतलं. त्याचा कॅमेरा मात्र चांगला होता. उन्हाच्या चौकोनात, आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, मूठ तोंडाशी धरलेली पोर. तो फोटो इतका स्वच्छ आला की सासूने काचेवरून बोट फिरवून बघितलं. तेवढ्यात तिचं बोट वाळलं होतं, फोटो सरकला, आणि ती दचकून माझ्याकडे बघायला लागली.

त्या रात्री भावाला फोन केला. रागावणार होते. पण तोंड उघडलं आणि मला रडूच आलं, आणि रडत रडतच मी सगळं सांगितलं. रविवारी तो स्वतः शहापूरहून आला, खिशात माझा जुना फोन. त्याने तो फेकला नव्हता, चार्ज करून ठेवला होता. सिम परत जुन्यात घालताना म्हणाला, "ताई, मी नुसतं नवं बघितलं गं. तुझं काम नाही बघितलं." मी म्हटलं, नवा मी देणार नाही, ओवाळणी आहे. तेव्हापासून जुना कामाला आणि नवा फोटोला. डोंगरातल्या पोरांचे पहिले फोटो मी त्याच्यावर काढले, भाऊ ते छापून आणायचा, मी वाड्यांवर वाटायची. कितीतरी आयांकडे आपल्या पोराचा तेवढाच एक लहानपणीचा फोटो असेल. फोनला मी कितीही शिव्या दिल्या तरी एवढं त्याच्या पदरात टाकायलाच हवं.

एक गोष्ट मात्र माझ्या पोटात तशीच राहिली होती. त्या घरात मी नंतर दोनदा गेले, लशीला. दोन्ही वेळा सासूने शेजारणींना ऐकवलं, मिसकॉल दिला नि बाय आली. दोन्ही वेळा मी खाली मान घालून सिरिंज भरली.

तिसऱ्या डोसाला गेले तेव्हा मे महिना सरत आला होता. पावसाआधी घरं शाकारायचं काम चाललेलं. सासूने मला हाताला धरून कणगीमागे नेलं. तिथे अंधार नव्हता. छपरात, बरोबर त्या जागी, एक काचेचं कौल बसवलं होतं, आणि त्यातून उन्हाचा चौकोन खाली झोळीवर पडला होता. झोळीत पोर झोपलेली. म्हातारा ते कौल आणायला एसटीने शहापूरच्या बाजारापर्यंत गेला होता. मुरबाडला मिळालं नाही म्हणून. येताना मांडीवर, आपल्या पटक्यात गुंडाळून आणलं.

"म्होरल्या टायमाला बाय, तुमचा फोन लागो नायतर नको लागो," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "एक सांगायचं व्हतं. मी खाली बगितलं नाय त्या दिशी. पन पोर रडली तवा मान आपसूक वळली. तेवडं माफ करा."

मी झोळीशेजारी जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. की माझा फोन वाजलाच नव्हता. सात मिसकॉल तुम्ही दिले आणि मी समोर बसून होते. मी वेळेवर आले नव्हते, तुम्ही सगळ्यांना सांगता ते खरं नाही.

सासू झोळीची दोरी धरून उभी होती. दोरीला झोका देणं तिने थांबवलं नाही.

"ठावं हाये गो आमाला," ती म्हणाली. "चार खेपा मी त्या खडकावर चढले, माजे पाय इसरतील का? पन तुमी अंगनात आल्या तवा तुमच्या तोंडातून शबूद फुटत नव्हता, इतक्या धापा. ते बी मीच बगितलं." आणि चुलीकडे वळून सुनेला म्हणाली, "बायला च्या टाक."